जुनी हातमागाची चादर: धुणं आणि ठेवणं

नाशिकच्या थंडीत पेटीतून जुनी सोलापुरी चादर निघते आणि थेट वॉशिंग मशीनमध्ये जाते. तिथेच ती फाटते. जुनं, झिजलेलं सूत पाणी पिऊन जड झालेल्या चादरीच्या वजनानेच तुटू शकतं. पिळणं तर लांबच.

आधी लाल आणि काळ्या पट्ट्यांवर ओलं पांढरं फडकं दोन मिनिटं दाबा. रंग उतरला तर पाण्याचं नाव काढू नका, नुसतं उन्हाआड वारं द्या. उतरला नाही तर आठ-दहा रिठे रात्रभर भिजवून उकळा, गाळा आणि टबातल्या कोमट पाण्यात घाला. चादरीखाली साधं बेडशीट अंथरून दोन्ही एकत्र बुडवा. वीस मिनिटांनी तळव्याने दाबा, घासू नका. पाणी नितळ येईपर्यंत बदला. बेडशीटसकट उचलून सावलीत खाटेवर पसरा. दोरीवर टाकलीत तर मधोमध ताण येतो.

खळ नको, कसर तिच्यावरच येते. प्लास्टिकची पिशवीही नको: पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशीचे ठिपके पडतात, ते सहसा जात नाहीत. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळी करा. घडीच घालायची असेल तर दर तीन महिन्यांनी मोड बदला.