सीपीयू उघडण्याआधी जवळ काय काय हवं

सगळ्यात आधी एक वही आणि पेन घ्या. पेचकस नंतर. घरातला कॉम्प्युटर चालू झाला नाही की आपला हात बटणावर जातो, मग परत बटणावर, मग बोर्डाच्या स्विचवर. दहादा असं करून झालं की पहिल्यांदा नेमकं काय दिसलं होतं ते कुणालाच आठवत नाही. उरतं फक्त "चालूच होईना". या दोन शब्दांत निदान चार वेगळे आजार दडलेले असतात आणि प्रत्येकाची तयारी वेगळी लागते. म्हणून तारीख, वेळ आणि बटण दाबल्यावर क्रमाने काय घडलं ते वहीत उतरवा. दिवा लागला का? पंखा फिरला का? बीप वाजली का, किती वेळा, लांब की तुटक? पडद्यावर कंपनीचं नाव आलं का? विंडोजचं चक्र फिरायला लागलं का? निळा पडदा आला असेल तर त्याच्यावरची अक्षरं जशीच्या तशी लिहा. मोबाइलवर व्हिडिओ काढलात तर आणखी चांगलं, त्यात आवाजही येतो.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूत राहते. आमच्याकडं त्या डब्याला सगळे सीपीयूच म्हणतात, खरं तर सीपीयू आतली एक छोटी चिप असते. पण मीही इथं सीपीयूच म्हणेन, दुकानात हाच शब्द चालतो.

दिवाही नाही, पंखाही नाही, असं असेल तर आधी लाईटीकडं बघायचं. त्यासाठी एक टेस्टर, दुसरा चांगला पॉवर केबल आणि मोबाइलचा चार्जर जवळ ठेवा. ज्या सॉकेटमध्ये सीपीयू लावता त्याच सॉकेटमध्ये चार्जर लावून बघा. नंतर यूपीएस मधून काढा आणि सीपीयू थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडा. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते आणि कित्येकदा सगळा घोळ तिचाच असतो. सीपीयूच्या मागं केबल लागते तिथं बहुतेक वेळा एक छोटा स्विच असतो, झाडताना तो बंद झालेला मी दोनदा पाहिला आहे.

आपल्या भागात यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की काही गावांत संध्याकाळी लाईट डिम होते, पंखा रेंगाळतो, ट्यूब फडफडते. घरात २३० व्होल्ट अपेक्षित असताना त्याहून फार कमी दाब येत असेल तर सीपीयूमधला एसएमपीएस, म्हणजे वीज वाटून देणारा डबा, उठतच नाही. सांजच्याला बंद आणि पहाटे एकदम ठणठणीत, असं होत असेल तर तेही वहीत वेळेसकट लिहा. अशा सीपीयूवर दुकानात पैसे घालवण्याआधी वायरमनला बोलावून सॉकेटचा दाब मोजून घ्या. दाब मोजतानाच अर्थिंगही बघायला सांगा. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणजे अर्थिंग नाही किंवा मेलं आहे. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते. त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतणं हेसुद्धा कॉम्प्युटरच्याच कामात धरा.

वळवाचा पाऊस आणि मृगाचे दिवस आले की आकाश गडगडायला लागताच प्लग काढायचा आणि इंटरनेटची केबलही काढायची. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. तांब्याच्या केबलवाटे आलेला झटका मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, जाळू शकतो, आणि मग सकाळी "कालपर्यंत चांगला होता" एवढंच म्हणायचं राहतं.

पंखा फिरतो पण पडदा काळा, हा दुसरा आजार. सीपीयू उघडण्याआधी मॉनिटर दुसऱ्या केबलने लावून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारी जादा पाटी, असेल तर केबल त्याच कार्डाला लागली आहे ना, मदरबोर्डाच्या भोकात नाही ना, हेही बघा. एवढ्यानं झालं नाही तरच डबा उघडायचा. त्यासाठी प्लसच्या तोंडाचा पेचकस, स्क्रू ठेवायला वाटी, बारीक केसांचा रंगाचा कोरडा ब्रश, पांढरं खोडरबर आणि उजेडाची बॅटरी जवळ घ्या. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली बरीचशी वीज निघून जाते. उघडल्यावर सगळ्यात आधी आतला फोटो काढा. कुठली वायर कुठं होती हे पाच मिनिटांत विसरायला होतं. आत हात घालण्याआधी लोखंडी खिडकीला किंवा सीपीयूच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा, कारण कोरड्या हवेत आपल्या अंगावर जमलेली वीज रॅमला, म्हणजे मेमरीच्या पट्टीला, मारू शकते. नायलॉनचा पंजाबी किंवा साडी नेसून हे काम करू नका, सुती कपडे बरे.

रॅमच्या दोन्ही बाजूंच्या कड्या उघडून पट्टी बाहेर काढायची, सोनेरी दात खोडरबराने हलके पुसायचे, कचरा झटकायचा आणि खटका वाजेपर्यंत परत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालू करून बघा. काळ्या पडद्याच्या खूप तक्रारी इथंच मिटतात, यावर माझा पक्का विश्वास बसला आहे. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते.

मदरबोर्डावर एक रुपयाएवढा गोल सेल दिसेल, त्याचा नंबर सीआर२०३२. तो ३ व्होल्टचा असतो. कॉम्प्युटर रोज जुनी तारीख दाखवतो, चालू होताना एफ१ दाबायला सांगतो, किंवा चालू होतो पण एकही वेबसाइट उघडत नाही, असं असेल तर हा सेल संपलेला असू शकतो. तारीख चुकली की वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र जुळत नाही, म्हणून परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी पोरं रडकुंडीला येतात. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. एक जादा आणून ठेवा.

पाच-दहा मिनिटं चालून आपोआप बंद पडणाऱ्या सीपीयूसाठी ब्रशच लागतो. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की सेलू-मानवतच्या हवेत कापसाची बारीक तूस उडते. प्रोसेसरवरच्या, म्हणजे त्या सीपीयू चिपवरच्या, पंख्याखाली तिचा नमदा बसतो, वारा जात नाही, चिप तापते आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद होतं. पंखा बोटाने धरून ब्रश फिरवा, ब्लोअर वापरलात तरी पंखा धरूनच. पालीची अंडी आणि मुंग्यांची रांगही आत सापडते, त्यांच्यासाठी आत फवारा मारू नका.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. कंपनीचं नाव येतं आणि मग "बूट डिव्हाइस सापडत नाही" असं काहीतरी येतं, किंवा विंडोजचं चक्र फिरत राहतं. आधी लावलेले सगळे पेनड्राइव्ह काढा, कधी कधी मशीन त्यातूनच सुरू व्हायचा प्रयत्न करत असतं. मग सीपीयूला कान लावा. हार्ड डिस्कमधून टक् टक् असा सारखा आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि परत चालू करू नका. दर वेळी चालू केल्यानं आतली तबकडी आणखी खरवडू शकते.

माझ्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये ठेवल्या होत्या. मशीन चालू होईना म्हणून दुकानात दिलं आणि "चालू करून द्या" एवढंच सांगितलं. त्यांनी चालू करून दिलं, फॉरमॅट मारून, म्हणजे आतलं सगळं पुसून. आजी तोवर गेली होती. दुकानदाराला मी बोलले, पण सांगायला हवं होतं ते मीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून कुणाचाही फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, "आत काय आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठं आहे?"

म्हणून मशीन चांगलं चालू असतानाच दोन पेनड्राइव्ह तयार करून कपाटात ठेवा. एक विंडोजचा, त्याला किमान ८ जीबीचा लागतो. दुसरा लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा, या विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या सिस्टिम आहेत. हा दुसरा लावून मशीन त्याच्यावरूनच सुरू करता येतं, आतल्या विंडोजला हात न लावता, आणि फोटो, हिशेब, सातबाऱ्याच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. पेनड्राइव्हवरून सुरू करण्याचं बटण मशीनप्रमाणे एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप असतं. आपलं कुठलं ते आत्ताच बघून वहीत लिहा. लॅपटॉपवर किंवा नव्या मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी चावी बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, ती कागदावर उतरवा. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काहीच मिळत नाही, आणि खात्याचा पासवर्ड पोराला ठाऊक आणि पोरगा पुण्याला, अशी गत होते.

प्रती उतरवून झाल्यावरच दुरुस्ती. चालू होताना दोन-तीनदा अडलं की विंडोज स्वतःच निळ्या पडद्यावर दुरुस्तीचे पर्याय दाखवतं. तिथं स्टार्टअप रिपेअर एकदा चालू द्या. डिस्क तपासायची आज्ञा, चेकडिस्क, मरणाला टेकलेल्या डिस्कवर प्रत घेण्याआधी कधीच चालवू नका, तासन्‌तास वाचत बसल्यानं उरलेली डिस्कही जाते. कुणी विंडोज १० नव्याने टाकून देतो म्हणाला तर त्याला विचारा, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टचा त्याला असलेला नेहमीचा आधार, म्हणजे नवे अपडेट, संपला, आता पुढं काय? जुन्या मशीनवर ११ बसेलच असं नाही.

घरी जमलं नाही आणि परभणीला किंवा संभाजीनगरला न्यायची वेळ आली तर सीपीयू आडवा, मदरबोर्डाची बाजू खाली करून, जुन्या वाकळीत गुंडाळा. एसटीत टपावर किंवा डिकीत देऊ नका, मांडीवर किंवा पायाशी घ्या. मॉनिटर, कीबोर्ड नेऊ नका, दुकानात असतात. वहीतल्या पानाचा फोटो दुकानदाराला पाठवा. रॅम किती आणि डिस्क कुठल्या कंपनीची ते पावतीवर लिहून घ्या. आणि निघायच्या आधी कागदावर मोठ्या अक्षरात "आतला डेटा हवा आहे. न विचारता फॉरमॅट करू नये" असं लिहून, खाली मोबाइल नंबर घालून तो कागद सीपीयूच्या पत्र्यावर चिकटपट्टीने लावा. पट्टी चारी बाजूंनी लावा, सुटता कामा नये.