ईसीएम गेलाय म्हणण्याआधी या चुका टाळा

गाडी चालू होईना की आपल्याकडं पहिल्यांदा ईसीएमचंच, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरच्या डब्याचंच, नाव निघतंय. बेळगावच्या उद्यमबागेत जावा नाहीतर खानापूरला, स्कॅनर (बिघाड वाचायचं मशीन) लावला, कनेक्ट झाला नाही, की लगेच "कंप्युटर गेलाय, वीस-पंचवीस हजार धरून चाला". आता ईसीएम जातच नाही असं नाही. पाणी शिरून जातो, बॅटरी उलटी लावली तर जातो, इग्निशन कॉइल शॉर्ट झाली तर ईसीएमच्या आतला कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर (ड्रायव्हर) जळतो. पण "गेलाय" म्हणून आलेल्या गाड्यांत बहुतेक वेळा डबा धडधाकट असतो, त्याच्यापर्यंत करंट नाहीतर अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडं परत जाणारी वाट) नीट पोचत नसतोय.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे स्कॅनर बोलत नाही म्हणून डबा मेला असं धरणं. अरे, स्कॅनरच्या सॉकेटला तरी बॅटरी येते का बघा की. 16 नंबरच्या पिनला 12 व्होल्ट, 4 आणि 5 ला अर्थ. मग बॅटरी काढून 6 आणि 14 च्या (डेटा नेणाऱ्या कॅनच्या दोन वायरी) मध्ये ओहम बघायचे, साधारण 60 यायला पाहिजेत. 120 आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा मधली वायर तुटलीय. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकीला चिकटल्यात. हे सगळं बरोबर असेल तर मेन रिले (ईसीएमला करंट देणारा स्विच) बघायचा, आणि रिलेनंतर ईसीएमकडून सेन्सरांना जाणारी 5 व्होल्टची लाइन. इथंच लोक कंटाळतात.

पावसाळ्यात जांबोटीकडची एक डिझेल गाडी टोचन करून आली. मालक शाळेतले गुरुजी. आधीच्या गॅरेजात स्क्रॅपमधला ईसीएम आणून बसवून झाला होता, तरी गाडी तशीच, वर इमोबिलायझरचा (चावी ओळखणाऱ्या सिस्टीमचा) लाइट फडफडायला लागलेला. मी गुरुजींचा जुनाच डबा परत लावला. चावी ऑन केली तर चेक लाइट येत नाही, स्कॅनर गप्प. फ्यूज चांगले, रिले चांगला, अर्थ चांगला. अ‍ॅक्सिलरेटर पेडलच्या कपलरला (वायरीच्या जोडाला) 5 व्होल्ट पाहिजेत तिथं मीटर 0.3 दाखवतंय. म्हणजे कुठलातरी सेन्सर नाहीतर त्याची वायर ती लाइन खाली ओढत होती, आणि काही गाड्यांत एवढ्यानंच अख्खा ईसीएम झोपतो. मीटर तिथंच लावून ठेवला आणि एकेक सेन्सर सोडवत गेलो. डिझेलच्या रेलचा प्रेशर सेन्सर, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या प्रेशरचा सेन्सर), काही फरक नाही. पुढं एसीच्या प्रेशर सेन्सरचं कपलर ओढलं आणि मीटर टक्कन 5 वर, डॅशबोर्डवर चेक लाइट पण आला. फॅनच्या ब्रॅकेटला घासून घासून सेन्सरकडच्या वायरचं रबर गेलेलं, आतलं तांबं बॉडीला टेकत होतं. वायर जोडली, वर स्लीव घातली, गाडी एका सेल्फमध्ये चालू.

"म्हणजे जुना चांगलाच होता की?"

"होय की गुरुजी."

स्क्रॅपवाल्यानं तो डबा काही परत घेतला नाही. म्हणून सांगतो, 5 व्होल्ट मोजल्याशिवाय माझ्याकडं ईसीएमचा बोल्ट सुटत नाही.

दुसरी चूक अर्थची. मीटर बीप वाजलं म्हणजे अर्थ चांगला असं समजणारी पोरं बघितली की मला मीटर हातातून काढून घ्यावासा वाटतो. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतंय, पण लोड आला की ती तार काय वाहणार? मीटर व्होल्टवर ठेवा, एक प्रोब ईसीएमच्या अर्थ पिनला मागून, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. 0.1 व्होल्टच्या फार वर गेलं की अर्थचा बोल्ट शोधा. डेंटिंग-पेंटिंगहून आलेल्या गाडीत तर मी आधी तिथंच जातो, कारण पेंटर लोक बोल्टखाली पण रंग मारतात आणि वर घट्ट आवळून देतात. घासून चकचकीत करा, मग आवळा. आणि प्रोब कपलरच्या तोंडातून आत खुपसू नका रे, पिना रुंद होतात आणि नवीन लूज कनेक्शनचा आजार लागतो. मागून बारीक पिन घालायची.

बाकीच्या चुका थोडक्यात. बॅटरीचा निगेटिव्ह न काढता ईसीएमचं कपलर ओढू नका. पुढच्या गार्डला वेल्डिंग मारताना पण बॅटरी सोडवा. बोनेट उघडून प्रेशरनं पाणी मारायची हौस असेल तर ईसीएम आणि फ्यूज बॉक्स झाकून तरी मारा. उसाच्या शेताजवळ गाडी लावणाऱ्यांनी उंदरांनी कुरतडलेली वायर आधी शोधावी. ओव्हनमध्ये भाजून ईसीएम नीट करायचे व्हिडिओ बघून माझ्याकडं येऊ नका.

2019 च्या ऑगस्टसारखं कृष्णा-वेदगंगेचं पाणी दारात आलं आणि गाडी बुडाली तर एकच, चावी फिरवू नका. बॅटरी काढा, कपलर उघडून पिना बघा. हिरवा गंज दिसला तर आधी पूर्ण सुकवणं आणि साफ करणं, चालू करून बघायची घाई नंतर.

आता डबा खरोखरच गेला असेल तर. कशामुळं गेला हे शोधल्याशिवाय नवीन लावला तर तीच शॉर्ट कॉइल नव्यालाही खाते, त्यामुळं कॉइल, इंजेक्टर, सोलेनॉइड यांचे ओहम आधी मोजा. सेकंडहँड घेताना "गाडी तीच आहे, चालतंय" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, लेबलवरचा पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. जुना डबा फेकायचा नाही. त्याची मेमरी वाचता आली तर त्यातला इमोबिलायझरचा डेटा नव्यात उतरवता येतो, नाहीतर गाडी चावीच ओळखत नाही. कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच हाय-प्रेशर पाइपातून डिझेल देणारं इंजिन) असेल तर प्रत्येक इंजेक्टरवरचा कोड उतरवून घ्या आणि नव्या ईसीएममध्ये भरा, नाहीतर गाडी आयडलला थरथरते आणि धूर टाकते, मग गिऱ्हाईक परत दारात.

प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज खाली पडला तर नवा डबा पण तिथंच मरतो. चार्जर लावतातच सगळे, पण आपल्याकडं पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी एक भरलेली दुसरी बॅटरी बाजूला जोडून ठेवतो, एसी, हेडलाइट, म्युझिक सगळं बंद, आणि काम होईपर्यंत गिऱ्हाइकाला गाडीचं दार पण उघडू देत नाही.