करवंटी, शिंपले आणि माती: मुलांसोबत शिल्पं करताना या चुका टाळा

परसातून गोळा केलेल्या वस्तूंची शिल्पं आठवड्याभरात मोडतात, त्यांना बुरशी धरते, नाहीतर आतून भुसा गळू लागतो. मुलं हिरमुसतात आणि घरचे म्हणतात, यांना धीर नाही. खरं तर घाई आपलीच असते. ओल्या वस्तू घरात येतात आणि त्याच संध्याकाळी त्यांना फेविकॉल लागतो.

गोव्यात सामानाची वाण नाही. करवंट्या, काथ्या, माडाच्या चुडतांचे हीर, पोफळीच्या विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद, चिवट साल), सावरीची बोंडं, जांभ्याचे खडे, सगळं दारात. अडचण हवेची आहे. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो त्या प्रदेशात जून ते सप्टेंबर काहीही नीट सुकत नाही. म्हणून गोळा करायचं ते दिवाळीनंतर, आणि उन्हात चांगलं खडखडीत वाळवून मगच हात लावायचा. पान चुरचुरलं, शेंग हलवल्यावर वाजली, काटकी वाकण्याऐवजी कटकन मोडली, की झालं. बियांना आणि शेंगांना बारीक भोकं दिसली तर आत कीड आहे. अशा वस्तू पिशवीत गच्च बांधून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पुन्हा ऊन दाखवा.

शिंपल्यांची गोष्ट वेगळी. ते कोरडे दिसतात, पण त्यांच्यावरचं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि डिंक सुटतो. एक-दोन दिवस गोड्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, मग सुकवा.

सगळं चिकटवायलाच हवं, हा समज

फेविकॉल मुळात लाकडासाठी आणि कागदासाठी. तो पाणी शोषणाऱ्या पृष्ठभागात मुरतो तेव्हा धरतो. गुळगुळीत शिंपल्यावर त्याला धरायला जागाच मिळत नाही, आणि केसाळ करवंटीवर तो फक्त वरच्या केसांना चिकटतो. करवंटी आधी पॉलिश पेपरने घासा आणि जोड रात्रभर दोरीने आवळून ठेवा. ग्लू गनचं टोक आणि वितळलेला गोंद दोन्ही भाजतात, ती लहानांच्या हातात देऊ नका.

मला विचाराल तर चिकटवण्याआधी बांधायला शिकवा. आपल्याकडची माटोळी बघा. चवथीला गणपतीवर लाकडी चौकटीला रानातली फळं, फुलं, कंदमुळं केवणीच्या सालीच्या दोरांनी बांधतात आणि तो सगळा भार दोरावरच तोललेला असतो. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा भरवतं. त्यातल्या काही माटोळ्यांत फळांच्या रचनेतून अख्ख्या आकृत्या साकारलेल्या असतात. मुलांना त्या दाखवायला न्या, गाठी कुठे मारल्यात ते जवळून बघू द्या. घरी सुंभ किंवा केळीच्या सुकवलेल्या सोपाची दोरी पुरते. नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एक मऊ असतो. तिथून हीर सहज आत जातो, ड्रिलची गरज नाही.

माती का फाटते

चिकणमातीचा भरीव गोळा बाहेरून आधी सुकून आकसतो, आतला ओला भाग आकसत नाही, म्हणून वरचा थर फाटतो. धड आतून पोकळ ठेवा, मातीत थोडं भाताचं तूस किंवा भिजवलेला कागद मळा आणि ओलसर फडका झाकून सावलीत सुकवा. शिंपला किंवा बी मातीत रुतवली की तिच्याभोवती किरणांसारख्या फटी पडतात, कारण माती आकसते पण बी आकसत नाही. ती दाबून खाच पाडा, काढून घ्या, माती पूर्ण सुकल्यावर खाचेत चिकटवा. पडलेल्या फटीत नुसता पातळ चिखल भरू नका, तोही आकसेल. त्याच मातीत कागदाचा लगदा मळून भरा.

आणि माती आणायला रोयण, म्हणजे वारूळ, फोडू नका. सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते हे मुलांना सांगाच, शिवाय वारुळात सापही असू शकतो.

सुंदर दिसतं म्हणून उचललं

इथे मात्र ढिलाई चालत नाही. गुंजा बाप्पाचे डोळे म्हणून छान दिसतात, पण बी फुटली किंवा तिला भोक पाडलं की आतलं तीव्र विष मोकळं होतं. एरंड, धोतरा, काजरा (कुचला) यांच्या बिया आणि कण्हेरीचा कुठलाही भाग घरात नको. मुलाने गिळलं अशी शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. खाजकुजलीच्या सोनेरी मखमली शेंगांची लव अंगाला लागली की मूल बेजार होतं. काजूच्या मोसमात ताज्या बियाही टाळा, त्यांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

किनाऱ्यावर शंख उचलला की उलटा करून बघायला शिकवा. आत खेकडा राहत असेल तर ते त्याचं घर आहे. प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, वाहून आलेले तुकडेही तिथेच राहू द्या. दोरीसाठी मर्यादवेल उपटू नये, वाळूचे डोंगर तीच धरून ठेवते. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात, त्या दिवसांत तिथली वाळू उकरायची नाही. मोले, बोंडला, म्हादई, कोतीगाव या अभयारण्यांतून आणि देवराईतून पानसुद्धा आणायचं नाही.

मोबाईलवरचं घुबड

फोटो समोर ठेवून मुलाला त्याच मापाची बोंडं शोधायला लावणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. सामान आधी जमिनीवर मांडा. विरी पडल्या पडल्या होडीसारखी वाकलेली असते, वेडीवाकडी काटकी आपसूक कुणाची तरी मान होते. ते मुलाला दिसेपर्यंत गप्प बसा. त्याने तीन पायांची म्हैस केली तर चौथा पाय तुम्ही लावू नका.

शिल्प कलंडत असेल तर "हे उभं कसं राहील?" एवढंच विचारा. वरचं वजन कमी करायचं, पाय फाकवायचे, की खालच्या करवंटीत वाळू आणि जांभ्याचे खडे भरायचे, हे त्याला करून बघू द्या. तुम्ही फक्त खडे पुरवा.