गिअर नॉब आणि शॉर्ट शिफ्टर कसे निवडावेत

मॅन्युअल गाडीत स्टिअरिंगखालोखाल ज्या वस्तूवर आपला हात सर्वाधिक वेळ असतो ती म्हणजे गिअर लिव्हरची मूठ, म्हणजेच नॉब. तो बदलण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु गिअर जड पडतात किंवा अडखळतात म्हणून कोणी नवा नॉब घेणार असेल, तर त्याने आधी मूळ दोष शोधावा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडत असतील आणि इंजिन सुरू झाल्यावर क्लच पूर्ण दाबूनही अडत असतील, तर क्लच नीट सुटत नसण्याची शक्यता मोठी असते. लिव्हर न्यूट्रलमध्ये सैल डुलत असेल, तर बहुधा बुश, म्हणजे लिव्हरच्या सांध्यांतील रबरी किंवा प्लॅस्टिकच्या कड्या, झिजलेले असतात. गिअरबॉक्समधील जुने तेल आणि झिजलेले बुश बदलल्यानंतर पुष्कळांना शॉर्ट शिफ्टरची, म्हणजे गिअर बदलताना लिव्हरचा प्रवास कमी करणाऱ्या किटची, गरजच उरत नाही, आणि हा खर्च नेहमीच आधी करण्याजोगा आहे.

त्यानंतर लिव्हरच्या आट्यांचे माप घ्यावे. नॉब न्यूट्रलमध्ये धरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की बहुतेक जपानी गाड्यांत तो निघतो. २००६ साली भारतात आलेल्या होंडा सिव्हिकचे उदाहरण घेतले, तर होंडाच्या लिव्हरचे माप साधारणपणे एम १० × १.५ असते, म्हणजे आट्यांचा बाहेरील व्यास १० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधील अंतर, म्हणजेच पिच, १.५ मिलिमीटर. टोयोटाच्या अनेक गाड्यांत हेच माप एम १२ × १.२५ असते. हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळणारा १० मिलिमीटरचा नट १.५ पिचचाच असतो, त्यामुळे तो बोटांनी फिरवून खात्री करता येते. दोन-तीन फेऱ्यांनंतर तो अडकला, तर जोर न लावता पिच वेगळा आहे असे समजावे. फोक्सवॅगन पोलोसारख्या गाड्यांत लिव्हरला आटेच नसतात. तेथे नॉब पट्टीने आवळलेला आणि चामडी आवरणाशी जोडलेला असतो. ‘सर्व गाड्यांना बसणारे’ नॉब बारीक स्क्रूंच्या आधाराने धरलेले असतात आणि ते काही काळाने सैल होतात, म्हणून आपल्याच आट्यांचा नॉब मिळत असेल तर तोच घ्यावा.

रिव्हर्सची रचना विसरू नये. काही गाड्यांत नॉबखालची कडी वर ओढल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. नव्या नॉबमुळे ती कडी निरुपयोगी होणार असेल, तर तो नॉब कितीही देखणा असला तरी नाकारावा.

आता वजन आणि आकार. जड नॉब एकदा गतीत आला की लिव्हरला पुढे नेतो आणि गिअर अधिक मऊ पडल्यासारखा वाटतो. हलक्या नॉबमध्ये यंत्रणेची प्रत्येक हालचाल तळहाताला जाणवते. शहरातील रोजच्या वापरासाठी मी मध्यम वजनाचा, गोल आणि बोटांत सहज मावणारा नॉब सुचवेन. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा नॉब हात भाजण्याइतका तापतो. तेथे चामड्याचे आवरण असलेला किंवा डेल्रिन या कठीण प्लॅस्टिकचा नॉब अधिक सुखावह ठरतो.

शॉर्ट शिफ्टरचा निर्णय मात्र अधिक विचाराने घ्यावा, कारण येथे तरफेचा नियम लागू होतो. लिव्हरचा प्रवास २५ टक्क्यांनी कमी केला, तर त्याच कामासाठी हाताचा जोर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. गिअरचे वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरला लागणारा वेळ काही कमी होत नाही, त्यामुळे घाईने ढकललेला गिअर कुरकुरतो आणि सिंक्रोनायझरची झीज वाढते. गिअरबॉक्स आधीच थकलेला असेल, तर हा बदल टाळणे श्रेयस्कर. प्रवास थोडाच कमी हवा असेल, तर आधी कमी उंचीचा नॉब वापरून पाहावा: तरफेच्या टेकूपासून ३० सेंटिमीटरवर असलेला नॉब ३ सेंटिमीटर खाली आला, तर प्रवास १० टक्क्यांनी घटतो आणि तोही काहीही न कापता. पूर्ण किट घ्यायचेच ठरले, तर आपल्या गाडीत लिव्हर थेट गिअरबॉक्सवर आहे की केबलने जोडलेला आहे हे मेकॅनिककडून समजून घ्यावे, कारण दोन्हींची किट वेगळी असतात. वॉरंटी चालू असेल, तर सर्व्हिस सेंटरकडून तिच्यावरील परिणाम लेखी घ्यावा.

बसवताना नॉब बोटांनीच फिरवावा आणि त्यावरील गिअरचा आराखडा सरळ आला की खालचा चेक नट आवळून तो तेथेच पक्का करावा. मग हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून प्रत्येक गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहावा. हात किंवा नॉब डॅशबोर्डला वा मधल्या कन्सोलला कोठे लागतो का, हेही याच वेळी कळते. त्यानंतर मोकळ्या जागेत गाडी थोडी चालवावी आणि आठवडाभराने चेक नट पुन्हा तपासावा.