एलआरआयटी कन्फॉर्मन्स टेस्ट: या चुका टाळा

एलआरआयटी म्हणजे जहाजाची पोझिशन ठरावीक वेळाने सॅटेलाइटवरून कळवणारी यंत्रणा; ती नीट चालते का, हे कन्फॉर्मन्स टेस्ट पाहते. टेस्ट फेल झाली की पहिला संशय अँटेनावर जातो आणि कुणाला तरी मास्टवर चढवलं जातं. चूक मात्र बऱ्याचदा खाली, टेबलावरच्या अर्जात असते.

चुकीच्या टर्मिनलचा नंबर. ही चूक पास झालेल्या टेस्टमागेही दडून बसते. समजा, जहाजावर जीएमडीएसएससाठी (संकटकाळच्या संपर्क यंत्रणेसाठी) इन्मारसॅट-सी या सॅटेलाइट सेवेची दोन टर्मिनल आहेत आणि एसएसएएससाठी (जहाजावरच्या गुप्त सुरक्षा-इशाऱ्यासाठी) तिसरं, त्याच सेवेचं छोटं मिनी-सी. तिघांचे नंबर नऊ आकडी, तिन्ही ४ ने सुरू होणारे. एलआरआयटी मिनी-सीवर ठेवायचं ठरतं, पण जुन्या अर्जातून जीएमडीएसएस टर्मिनलचा नंबर जसाच्या तसा उतरतो. एएसपी (टेस्ट घेणारी, रिपोर्ट पुढे पोचवणारी सेवा कंपनी) डीएनआयडी, म्हणजे टर्मिनलला रिपोर्टिंगशी जोडणारा ओळख क्रमांक, पाठवतो. तो त्या दुसऱ्याच टर्मिनलवर उतरतो, पोलला (दुरून केलेल्या पोझिशनच्या विचारणेला) तेच उत्तर देतं. टेस्ट पास! काही महिन्यांनी ते टर्मिनल बिघडतं, बदललं जातं आणि पोझिशन रिपोर्ट बंद पडतात. सगळे मिनी-सीकडे बघत बसतात: पॉवर आहे, सॅटेलाइटवर लॉग-इन आहे, जीपीएस आहे, मग अडलंय कुठे? त्याच्या मेमरीत तो डीएनआयडी कधी आलेलाच नसतो.

म्हणून टर्मिनल नंबर आणि सिरियल नंबर स्टिकरवरून किंवा जुन्या फाइलमधून घेऊच नका. त्या टर्मिनलच्या मेनूतून वाचा, स्क्रीनचा फोटो काढा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अर्जावर टिक करायची. टेस्ट संपली की त्याच टर्मिनलची डीएनआयडी यादी उघडून नवी नोंद आली आहे का पाहायचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि घाई करणारे नेमकं हेच गाळतात.

मिनी-सीवर एलआरआयटी असेल तर ते मुख्य आणि आणीबाणीच्या, दोन्ही वीजपुरवठ्यांवर चाललं पाहिजे. एकच ब्रेकर बघून पुढे जाऊ नका.

जुना रिपोर्ट चालेल असं धरणं. कन्फॉर्मन्स टेस्ट रिपोर्ट ठरावीक उपकरणाचा असतो. उपकरण बदललं की तो संपला. 'मॉडेल तेच आहे' हा युक्तिवाद सर्व्हेअरपुढे टिकत नाही. जहाजाचा फ्लॅग (नोंदणीचा देश) बदलला, तरीही नवा रिपोर्ट लागतो, आणि तोही नव्या फ्लॅगने मान्यता दिलेल्या एएसपीकडून. उपकरणाची ऑर्डर देतानाच टेस्टचा अर्जही पाठवा. सर्व्हेअर गँगवेवर आल्यावर धावपळ करणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

आकाश झाकलेलं असताना टेस्ट. क्रेन, शेड किंवा शेजारच्या उंच जहाजाच्या आडोशाला टेस्ट लावू नका. अँटेनाला पुढे-मागे क्षितिजाखाली ५ अंशांपर्यंत आणि दोन्ही बाजूंना १५ अंशांपर्यंत अडथळा नको. नवा सॅटेलाइट डोम बसवला असेल तर हे पुन्हा तपासा. टेस्ट चालू असताना टर्मिनल बंद-चालू करून 'बघू जरा' करू नका. एएसपी दुरून दोन रिपोर्टमधला वेळ बदलत असतो, ती साखळी तुटते.

'अनोळखी' डीएनआयडी पुसणं. मेमरी साफ करताना एलआरआयटीचीच नोंद उडते. कोणता डीएनआयडी कशाचा, हे टर्मिनलशेजारी लिहून ठेवा.

एआयएस (आसपासच्या जहाजांना आपली ओळख दाखवणारी रेडिओ यंत्रणा) दिसतंय म्हणजे एलआरआयटीही चालू? नाही. दोन्ही वेगळ्या यंत्रणा आहेत.

बंदरात टर्मिनल बंद करणं. नेहमीचा रिपोर्ट दर ६ तासांनी, म्हणजे दिवसाला चार. सुरक्षिततेला धोका वाटला तर कॅप्टन तो थांबवू शकतो, पण कमीत कमी काळासाठी. फ्लॅग प्रशासनाला विलंब न लावता कळवून आणि कारण व कालावधी लॉगबुकात नोंदवून. ड्राय डॉकमध्ये दुरुस्ती चालू असेल किंवा जहाज दीर्घकाळ उभं असेल, तर दर २४ तासांनी एक रिपोर्ट ठेवता येतो किंवा तात्पुरता बंदही करता येतो. एएसपीला ईमेल करून हे आधी ठरवा, मगच ब्रेकरला हात लावा, आणि डॉकमधून निघण्याच्या आदल्या दिवशी एक पोल मागवून उत्तर येतंय का ते पाहा.