बिऱ्हाड हलवताना घराचा निरोप कसा घ्यावा

विदर्भातल्या वरुडच्या ज्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही नऊ वर्षे राहिलो, तो सोडताना झालेली चूक आधी सांगतो. निरोप शेवटच्या दिवशी घेऊ असे आम्ही ठरवले होते. त्या दिवशी दाराशी ट्रक उभा होता, हमाल घाई करत होते आणि घर म्हणून ओळखावे असे आत काहीच उरले नव्हते. म्हणून पहिले खोके आणण्यापूर्वी, शेगडी, पलंग, देव्हारा सारे जागच्या जागी असतानाच, एक संध्याकाळ निरोपासाठी काढावी. त्या संध्याकाळी रोजचाच स्वयंपाक करावा, रोजच्याच जागी बसून जेवावे आणि प्रत्येकाने या घरातली आपली आवडती वेळ कोणती ते सांगावे. आम्हाला उशिरा का होईना, गॅलरीतल्या फेब्रुवारीच्या रात्री आठवल्या, जेव्हा आंबिया बहाराच्या फुलांचा वास संत्र्याच्या बागांमधून थेट घरात येत असे.

आवरायला सुरुवात स्वयंपाकघरातल्या भांड्यांपासून करावी, कारण शेजाऱ्यांचा निरोप तिथूनच सुरू होतो. प्रत्येक डबा आणि वाटी उलटी करून कोरलेले नाव वाचावे. आमच्या मांडणीत खालच्या मजल्यावरच्या काकूंची एक खोल वाटी निघाली. पातोडीची भाजी घेऊन आलेली ती वाटी किती वर्षे आमच्याकडे राहिली, हे त्यांनाही आठवेना. अशी भांडी हमालाच्या किंवा मुलांच्या हाती पाठवू नयेत, रिकामी तर मुळीच परत करू नयेत. त्यात घरचे काहीतरी घालून स्वतः जावे आणि घटकाभर बसावे. आमच्याकडे त्या वेळी नुकतेच वाळवलेले सरगुंडे (काडीवर वळलेल्या कणकेच्या शेवया) होते, तेच दिले.

महालक्ष्म्यांचे मुखवटे इतर सामानात मिसळू नयेत. मऊ सुती कापडात एकेक वेगळा गुंडाळून, मध्ये कापूस भरून, तो डबा आपल्याजवळच ठेवावा. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल मुलांनाच बांधू द्यावा. त्याची चाके आणि दोरी त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नसतात.

बदल्या बहुधा मे-जूनमध्ये होतात आणि त्या दिवसांत आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे सामान पहाटेच चढवावे. कूलरचे पाणी दोन दिवस आधी काढून ताट्या कोरड्या कराव्यात, नाहीतर त्यांचा कुबट वास गाद्यांना लागतो. तुळशीला आदल्या संध्याकाळी पाणी घालावे आणि कुंडी ट्रकच्या मागे न ठेवता आपल्या पायाशी घ्यावी. तरीही उन्हाच्या झळा सोसतील याची खात्री नसते, म्हणून वाळलेल्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत बांधून घ्याव्यात.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. गाव बदलत असेल तर सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून गॅस एजन्सीकडून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे, मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला वेळेत मागावा, वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढावा आणि नव्या गावी पोहोचल्यावर मतदारयादीतला पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ हा अर्ज भरावा.

भिंतीवरची दिनदर्शिका मात्र सर्वांत शेवटी काढावी. आमच्याकडे जुन्या वर्षांच्या दिनदर्शिकाही एकाखाली एक त्याच खिळ्याला होत्या. त्यांच्या चौकटींत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याच्या तारखा, धाकटीच्या तापाचे आकडे, नळ न आल्याच्या फुल्या, सारे पेन्सिलीने लिहिलेले होते. या घरात आम्ही कसे राहिलो याची इतकी खरी नोंद कोणत्याही फोटोत सापडली नाही. ही पाने रद्दीत देऊ नयेत. सुरळी करून सुती नाडीने बांधावीत. निघण्याच्या सकाळी दूधवाल्याचा हिशेब चुकता करून त्या तारखेच्या चौकटीत ‘शेवटचे दूध’ असे लिहावे आणि मग दिनदर्शिका उतरवावी. खिळा उपटू नये; पुढच्या बिऱ्हाडाला तो लागतोच.