जुन्या मृत्युनोंदींतील कारण वाचताना या चुका टाळा

घराण्याचा इतिहास शोधताना जुन्या मृत्युनोंदीतील कारणापुढे आजच्या एखाद्या रोगाचे नाव लिहून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो आणि वंशावळीतले बरेचसे गोंधळ तिथेच जन्माला येतात. नोंद करणाऱ्याने जे डोळ्यांना दिसले तेच लिहिलेले असते. 'जलोदर' म्हणजे पोटात पाणी साचले, एवढेच. मूळ बिघाड यकृतात, हृदयात की मूत्रपिंडात होता, हे त्यावरून ठरत नाही. 'ताप' तर त्याहून मोघम, कारण हिवतापापासून बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गापर्यंत काहीही त्यात सामावते.

नोंदीचे साल न पाहता अर्थ लावणे ही दुसरी चूक. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिला. त्यापूर्वी 'क्षय' म्हणून नोंदवलेला, खंगत गेलेला माणूस फुफ्फुसाच्या कर्करोगाने किंवा मधुमेहानेही गेलेला असू शकतो. टायफस आणि टायफॉइड हे वेगळे आजार आहेत, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य नव्हते, त्यामुळे जुन्या कागदांत त्यांची सरमिसळ दिसते.

माझ्या मते सर्वांत फसवी नोंद तान्ह्या मुलांची: 'दात येणे'. दात येण्याने मूल दगावत नाही. जुलाब आणि संसर्ग यांनी बळी घेतला आणि वय जुळले म्हणून दोष दातांवर आला.

कारण कोणी सांगितले, हेही तपासले पाहिजे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली, पण डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला देणे १८७४ च्या कायद्याने बंधनकारक झाले. तोवर पुष्कळदा नातेवाइकाच्या सांगण्यावरच भागत असे. शिवाय आत्महत्या, दारू किंवा गुप्तरोग यांमुळे झालेला मृत्यू घराची अब्रू राखण्यासाठी सौम्य शब्दांत लिहिला जाई.

अर्थ अडला, तर कारणाशेजारी आजाराचा कालावधी दिला आहे का, ते पाहावे, कारण तीन दिवसांचा खोकला आणि दोन वर्षांचा खोकला यांची दिशा वेगळी असते. त्याच पानावर आठवडाभरात तशाच आणखी नोंदी असतील, तर साथीची शक्यता वाढते. तरुण स्त्रीच्या बाबतीत आसपासच्या दिवसांतील जन्मनोंदी अवश्य चाळाव्यात. वंशावळीत मात्र मूळ शब्द जसाच्या तसा उतरवून आपला तर्क वेगळ्या रकान्यात, तर्क म्हणूनच लिहावा.